सेव्हन आयर्नचा स्लाइस: येळ्ळूर शिवारातल्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार. पहिली मोजणी

जागा: बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारातलं भातकापणी झालेलं रान. बांधापासून बांधापर्यंत १८० मीटर. शेजारच्या दोन पट्ट्यांत मसूर पेरायचं चाललं आहे. तिकडे गेलेला बॉल गेला म्हणायचा, पेरलेल्या रानात पाय घालायचा नाही.

खेळाडू उजव्या हाताचा, वय ४१, टेनिस बॉल क्रिकेटमध्ये पंधरा वर्षं घालवलेला, आता गोल्फ शिकणारा. तक्रार एकच: बॉल हवेत उजवीकडे वळतो, म्हणजे स्लाइस. शिकवणी आठवड्यातून एकदा सरांकडे, मधल्या दिवसांत घरी सराव. या वहीत फक्त मोजलेलं लिहायचं. ‘आज बरं वाटलं’ अशी नोंद चालणार नाही.

क्लब (बॉल मारायची काठी) सेव्हन आयर्न, लॉफ्ट (तोंडाचा मागे झुकलेला कोन) ३४ अंश, लांबी ३७ इंच. बॉल ३०. प्रत्येक बॉलच्या चार गोष्टी: कुठल्या दिशेनं निघाला, हवेत कुठे वळला, क्लबफेसवर (क्लबच्या डोक्याच्या तोंडावर) कुठे लागला, माती बॉलच्या आधी निघाली की नंतर. फेसवरचा डाग दिसावा म्हणून टाल्कम पावडर बोटानं पातळ पसरली. दर बॉलनंतर पुसून परत लावायची. कंटाळवाणं आहे, पण याच्याशिवाय हीलला (फेसच्या दांड्याकडच्या बाजूला) लागलेला आणि मधोमध लागलेला बॉल यातला फरक हाताला कळतो असं समजणं फसवं आहे.

१२० मीटरवर २० मीटर अंतर ठेवून दोन निशाणं रोवली. मधली जागा म्हणजे ‘पट्टा’.

निघाला: डावीकडे २१, सरळ ६, उजवीकडे ३.
वळला: उजवीकडे २५, सरळ ५.
फेसवर: हीलकडे १५, मध्ये १२, ‘टो’कडे (हीलच्या विरुद्ध बाजूला) ३.
माती बॉलच्या आधी: १३.
पट्ट्यात: ६.

मोबाइल दोन जागी. मागून घेताना कॅमेरा हातांच्या उंचीवर, पायांपासून तीन मीटर मागे, आणि हातांतून जाणारी रेघ निशाणाच्या रेघेला समांतर धरून बरोबर तिच्यावर. कॅमेरा हातभर उजवीकडे-डावीकडे सरकला तरी चांगला स्विंग वाकडा दिसतो, वाकडा चांगला. समोरून घेताना छातीच्या उंचीवर. दोन्हीकडे सेकंदाला २४० फ्रेम.

वाचन असं: आयर्नच्या बॉलची निघण्याची दिशा तीन हिस्से फेस ठरवतो, एक हिस्सा क्लबची वाट. वळण ठरतं ते फेस आणि वाट यांच्यातल्या फरकावर. बॉल डावीकडे निघून उजवीकडे वळतो, म्हणजे धडकेच्या वेळी फेस निशाणाच्या डावीकडे आहे, पण वाट त्याच्याहूनही जास्त डावीकडे. बाहेरून आत, ऊस तोडताना कोयता येतो तशी. मातीतले डिव्हॉटही (फटक्यानं पडलेले खड्डे) डावीकडेच बोट दाखवतात.

सरांचा निर्णय वाटेला हात न लावण्याचा. “फेस पहिला सरळ करूया की. वाट मागनं येतीय बघा.”

कारण महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो. स्लाइसवाला बाहेरून आत मारतो ही सवय वाईट हाताची नव्हे. फेस उघडा राहून बॉल वर्षानुवर्षं उजवीकडे गेला की शरीर आपोआप डावीकडे ओढून मारायला शिकतं. वाट ही फेसवरची मलमपट्टी आहे. फेस उघडाच ठेवून वाट आतून बाहेर केली तर बॉल थेट उजव्या बांधापलीकडे जाईल आणि चार दिवसांत खेळाडू जुन्या वाटेवर येईल.

१३ नोव्हेंबर. ग्रिप

आधी हातमोजा बघितला. डाव्या हातमोज्याला मनगटाजवळच्या गादीवर आठ आण्याएवढं भोक. बाकी मोजा नव्यासारखा. याचा अर्थ क्लब बोटांत नसून तळव्यात आडवा धरला जातो आणि प्रत्येक फटक्याला तिथे घसरतो. मोजा खोटं बोलत नाही. शिकवणीच्या पहिल्या दिवशी स्विंगच्या आधी मोजा मागून घ्यावा.

तळव्यात धरण्याची सवय बॅटची. बॅटीला पूर्ण चेहरा दाखवत पुढे न्यायचं असतं, त्यामुळे कोपरापुढचा हात वळू द्यायचा नाही हे अंगात मुरलेलं. गोल्फमध्ये तोच हात वळला नाही की फेस उघडा राहतो.

डावा हात असा बसवला:

क्लब जमिनीवर टेकवून फेस निशाणाला काटकोनात. हात बाजूला सैल सोडायचा. तो जसा लोंबतो, किंचित आत वळलेला, तसाच क्लबवर आणायचा, मुद्दाम वळवायचा नाही. ग्रिप (क्लबची मूठ) करंगळीच्या मुळापासून तिरकी निघून तर्जनीच्या मधल्या पेराशी संपते. मनगटाजवळची गादी ग्रिपच्या वर बसते, बाजूला नाही. अंगठा मधोमध नको, किंचित उजवीकडे. खाली बघितल्यावर बोटांच्या मुळाची दोन ते अडीच हाडं दिसली पाहिजेत. या खेळाडूची आधी जेमतेम एक दिसत होती. अंगठा आणि तर्जनी यांच्यातली घडी उजव्या खांद्याकडे बोट दाखवते.

उजवा हात: मधल्या दोन बोटांत पकड, करंगळी डाव्या हाताच्या तर्जनी-मधल्या बोटाच्या खाचेवर. उजव्या तळव्याची आयुष्यरेषा डाव्या अंगठ्यावर झाकणासारखी. उजव्या हाताची घडीही उजव्या खांद्याकडेच. दोन घड्या दोन दिशांना गेल्या तर हात एकमेकांशी भांडतात.

पकड किती घट्ट? क्लब हातात असताना कोपरापुढच्या हाताचे स्नायू टणक झाले की जास्त झाली. पण ग्रिपचं रबर धूळ-घामानं गुळगुळीत झालेलं असलं तर सैल धरा म्हणून उपयोग नाही, माणूस दाबणारच. या सेटची रबरं काचेसारखी झाली होती. कोमट पाणी, साबण, भांड्यांचा ब्रश. दोन सुधारली, बाकीची बदलावी लागणार.

नव्या ग्रिपनं ३० बॉल. निघाला डावीकडे २६. वळला उजवीकडे ११, सरळ १२, डावीकडे ७. पट्ट्यात फक्त ४.

पट्ट्यातला आकडा सहावरून चारवर आला. हे अपेक्षित आहे, आणि बहुतेक जण इथेच जुन्या ग्रिपवर परत जातात. बॉल डावीकडे निघून डावीकडेच सरळ गेला, याचा अर्थ फेस आणि वाट आता जवळजवळ एका दिशेला आली. वळण गेलं, नुसती दिशा चुकली. स्लाइसखाली झाकलेली वाट उघडी पडली. आजवरच्या मोजणीतली सर्वांत चांगली बातमी हीच आहे.

घरचा अभ्यास: रोज वीस वेळा क्लब खाली ठेवून परत धरायचा. बॉल नाही, स्विंग नाही.

१६ नोव्हेंबर. रबर बदलणं

थोडक्यात. जुनं रबर हुकच्या पात्यानं क्लबच्या डोक्याकडून टोकाकडे कापलं, खालची जुनी टेप पूर्ण खरवडली. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून सेंटिमीटरभर पुढे ठेवली आणि शाफ्टच्या (क्लबच्या दांड्याच्या) भोकात दुमडली. रबराच्या टोकाचं छिद्र बोटानं बंद करून आत टर्पेंटाइन ओतलं, हलवलं, तेच टेपवर ओतलं आणि एका दमात सरकवलं. रेघ सरळ करायला अर्धा-पाऊण मिनिट मिळतं. एक दिवस वाळवणं. रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकट थर राहतो आणि ग्रिप आठवड्यानंतरही फिरते.

जाडीची परीक्षा: डाव्या हाताची मधली दोन बोटं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. रुतली तर ग्रिप बारीक, मध्ये फट राहिली तर जाड. जाड ग्रिपमध्ये मनगट वळत नाही, स्लाइसवाल्याला ती आणखी वाईट.

२४ नोव्हेंबर. उभं राहणं

इलेक्ट्रिकच्या दुकानातला २० मिमी पीव्हीसी पाइप, तीन मीटरचा एक घेऊन त्याचे १.२ मीटरचे दोन तुकडे. एक बॉलच्या पलीकडे निशाणाच्या रेषेत, दुसरा पायांच्या बोटांसमोर त्याला समांतर, रेल्वेच्या रुळांसारखे. पाय दुसऱ्या रुळावर. पाय आणि खांदे निशाणाकडे नाहीत, निशाणाच्या किंचित डावीकडे समांतर. इथे खूप जण गोंधळतात.

खेळाडू स्वतःच्या मते सरळ उभा होता. पाइप ठेवल्यावर पाय दहा अंश डावीकडे निघाले. १३० मीटरवर दहा अंश म्हणजे जवळजवळ २३ मीटर. खांदे त्याहून जास्त उघडे, कारण बॉल डाव्या टाचेसमोर होता. बॉल इतका पुढे असला की उजवा खांदा त्याला गाठायला बाहेर येतोच. सेव्हन आयर्नला बॉल पावलांच्या मध्यापासून एका बॉलएवढा डावीकडे ठेवला.

लांबचं निशाण राजहंसगडाचा तट धरला होता, पण इतक्या लांबच्या गोष्टीवर अंग लावता येत नाही. बॉलच्या मागे उभं राहून गड आणि बॉल यांच्या रेषेत अर्ध्या मीटरवरचं एक धसकट निवडायचं, आधी फेस त्याच्याकडे, मग पाय. पाय आधी आणि फेस नंतर केला की दहा अंश परत येतात.

ग्रिपचं टोक आणि मांडी यांत मूठभर अंतर. वजन टाचांवर नको, चवड्यांवर नको, पावलाच्या कमानीवर. हे वाक्य जानेवारीत परत लागेल.

१ डिसेंबर. रांगोळीची रेघ

माती बॉलच्या आधी निघते याचं काम. रबरी मॅटवर ते कळतच नाही. क्लब बॉलच्या पाच सेंटिमीटर आधी आपटला तरी मॅटवरून घसरत पुढे येतो, बॉल बरा जातो आणि चूक पक्की होते. मातीत काम करा.

मात्र हे काळं रान. कापणीनंतर वाळलं की भेगा पडतात आणि ढेकूळ दगडासारखं होतं, मनगटाला झटका बसतो. म्हणून आदल्या संध्याकाळी दोन मीटरच्या पट्टीवर चार घागरी पाणी टाकून ठेवलं.

पावलांच्या मधोमध, निशाणाला काटकोनात, दोन मीटर लांब रांगोळीची रेघ. बॉल नाही. रेघेवर एक स्विंग, बोटभर पुढे सरकून दुसरा, असे वीस. मग वाकून बघायचं. माती रेघेपासून किंवा रेघेच्या डावीकडे निघाली तर बरोबर. रेघेच्या उजवीकडे खड्डा असेल तर तो स्विंग ‘फॅट’, म्हणजे बॉलच्या आधी मातीत.

पहिल्या वीसात बरोबर ६. खड्डे खोल, आणि त्यांची सुरुवात रेघेच्या चार-पाच बोटं मागे. समोरच्या व्हिडिओत कारण दिसलं: धडकेच्या क्षणी उजवी टाच जमिनीला पूर्ण चिकटलेली, अंगाचं वजन मागच्या पायावर, आणि बॉल ‘उचलायला’ मनगट आधीच सुटलेलं. बॉल उचलायचं काम लॉफ्टचं आहे. क्लब खाली जात असताना बॉल लागतो आणि सर्वांत खालचा बिंदू बॉलच्या पुढे येतो, म्हणून बॉल वर जातो.

उपाय: डावा पाय पूर्ण टेकलेला, उजवा पाय मागे घेऊन फक्त चवडा टेकलेला. अर्धा स्विंग, कमरेपासून कमरेपर्यंत. या उभ्यात मागे वजन ठेवून मारलं की तोल जातो, शिकवणारा वेगळा लागत नाही. अशा चाळीस स्विंगनंतर नेहमीच्या उभ्यानं परत वीस: बरोबर १३.

१५ डिसेंबर. कासरा आणि खोका

आता वाट. सरांनी क्लब काढून घेतला आणि सुती कासऱ्याचा दीड मीटरचा तुकडा दिला, टोकाला गाठ. दोन्ही हातांनी क्लबसारखा धरायचा. मागे नेल्यावर गाठ उजव्या खांद्यावरून पाठीवर येऊन टेकू द्यायची, मग खाली.

हातांनी सुरुवात केली की कासरा ढिला पडतो आणि गाठ कुठेही भरकटते. डाव्या पायावर आधी दाब, मग कंबर, मग हात असा क्रम राहिला की तो ताठ राहतो आणि खाली आल्यावर सूंऽऽ करतो. आवाज कुठे येतो ते ऐकायचं. उजव्या खांद्याजवळ आला तर जोर वरच संपला. बॉलच्या जागेपुढे आला पाहिजे. जोंधळ्याच्या मळ्यात ज्यानं गोफण फिरवली आहे त्याला ही गोष्ट शब्दांशिवाय समजते: दोरी ताठ असताना सोडली तरच धोंडा जातो.

रोज पन्नास वेळा. खोलीत करू नये, गाठ बल्बला लागते.

दुसरं साधन चपलेचा रिकामा खोका. बॉलच्या रेषेपलीकडे एका बॉलएवढी जागा सोडून, बॉलच्या वीस सेंटिमीटर मागे. क्लब बाहेरून आला की खोका उडतो. वीट किंवा लाकूड ठेवू नये, शाफ्ट आणि मनगट दोन्हीला धोका. ४० बॉलमध्ये खोका उडाला: पहिल्या दहात ७, शेवटच्या दहात २.

वाट बदलताना वेग ७० टक्क्यांच्या वर नेऊ नये. पूर्ण जोर आला की अंग जुनी वाट काढतंच.

२२ डिसेंबर. दंवाची मोजणी रद्द

सकाळी सात वाजता ३० बॉल. उजवीकडे वळलेले फक्त ४. आनंद व्हावा असा आकडा, पण धरला नाही. शिवारात धुकं, बॉल आणि फेस दोन्ही ओले. फेस आणि बॉल यांच्यामध्ये पाण्याचा थर आला की पकड कमी होते, फिरकी कमी होते, आणि फिरकी कमी म्हणजे वळणही कमी. दंवानं स्लाइस झाकला. साडेनऊला रान वाळल्यावर, दर बॉलला फेस कोरड्या पंचानं पुसून परत ३०: उजवीकडे वळले १२. हा आकडा खरा.

यापुढे मोजणी नवाच्या नंतरच.

२९ डिसेंबर. लय

व्हिडिओतल्या फ्रेम मोजल्या. मागे जाताना २६४, खाली येताना ७२. म्हणजे १.१ सेकंद आणि ०.३ सेकंद, प्रमाण ३.७ ला १. मुरलेल्या खेळाडूंचं साधारण ३ ला १ असतं. हळूहळू मागे न्यायचं आणि वरून हिसका द्यायचा हे खाली हात आधी धावण्याचं मूळ आहे.

मोबाइलवरचा मेट्रोनोम मिनिटाला २१० ठोक्यांवर. पहिल्या ठोक्याला क्लब हलतो, चौथ्याला वर, पाचव्याला धडक. तीन अंतरं मागे, एक पुढे. पंधरा मिनिटांनी फ्रेम २०७ आणि ६९. ‘हळू मारा’ हा सल्ला या खेळाडूला उलटा पडला असता. मागे जाताना त्याला उलट थोडी घाई हवी होती.

५ जानेवारी २०२५. शँक

२० बॉलमध्ये ६ थेट उजवीकडे, जमिनीलगत, खणखणीत बोचऱ्या आवाजाचे. खेळाडूनं जुना स्लाइस परत आला असं मानून ग्रिप आणखी वळवली, त्यानं काहीच झालं नाही. पावडर बघितल्यावर उलगडा: फेसवर डागच नाही. बॉल फेस आणि शाफ्ट जोडणाऱ्या गोल नळीवर लागला होता.

स्लाइस हवेत वळतो, शँक निघतानाच उजवीकडे जातो. दोन्हींचा उपाय वेगळा, म्हणून आधी डाग बघायचा.

कारण वाट आतून येऊ लागल्यानं हात पूर्वीपेक्षा शरीरापासून थोडे बाहेर जातात, आणि खाली येताना वजन चवड्यांवर घसरलं की सगळा क्लबच दोन-तीन सेंटिमीटर बॉलकडे सरकतो. जुन्या वाटेवर हात आत ओढले जात, म्हणून हे लपून राहिलं होतं.

उपाय: बॉलच्या पलीकडे एका बॉलएवढ्या अंतरावर दुसरा बॉल. आतला मारायचा, बाहेरच्याला धक्का न लावता. शिवाय स्विंग संपेपर्यंत बुटातली पायाची बोटं वर उचललेली. तीस बॉलनंतर शँक शून्य. पुढचे दोन दिवस हेच, दुसरं काही नाही.

१९ जानेवारी. ड्रायव्हर

हा लांब फटक्याचा क्लब. लॉफ्ट १०.५ अंश. बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, टीवर (बॉल ठेवायच्या खुंटीवर) अर्धा बॉल क्लबच्या माथ्याच्या वर. उभं राहताना उजवा खांदा डाव्याहून थोडा खाली. इथे फेसवरची जागा आयर्नपेक्षा जास्त महत्त्वाची: ड्रायव्हरच्या डोक्याचं वजन फेसच्या बरंच मागे असल्यानं हीलला लागलेला बॉल सरळ स्विंगलाही उजवीकडे वळतो, ‘टो’ला लागलेला डावीकडे. २० पैकी ९ हीलला. स्विंग न बदलता बॉलपासून एक बोट मागे उभं केलं: ४.

२ फेब्रुवारी. शेवटची मोजणी

तेच रान, तोच क्लब, नवानंतर, कोरडा फेस, ३० बॉल.

निघाला: डावीकडे ७, सरळ १७, उजवीकडे ६.
वळला: उजवीकडे ९, सरळ १४, डावीकडे ७.
फेसवर: हीलकडे ५, मध्ये २१, टोकडे ४.
माती बॉलच्या आधी: ६.
पट्ट्यात: १७.

लांबी सरासरी १३० मीटर. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, हवा विरळ. गोव्यात किनाऱ्यालगत हाच फटका तीन-चार मीटर कमी भरेल, तिथे गेल्यावर स्विंगमध्ये दोष शोधत बसू नये.

नव्या हातमोज्यावर घासल्याची खूण बोटांच्या मुळाशी आली आहे, तळव्याची गादी कोरी.

राहिलेलं: शेवटच्या दहा बॉलमध्ये उजवीकडे वळलेले ५, म्हणजे दमल्यावर जुनी वाट परत येते. सरावाला बॉल ४० वर थांबवायचे. रान मालकाला नांगरटीसाठी हवं आहे, त्यामुळे पुढचा महिना वडगावच्या परसात जाळीसमोर. क्रिकेटच्या जाळीची भोकं पुष्कळदा ४२.६७ मिमीच्या बॉलपेक्षा मोठी असतात. म्हणून तिच्या पुढे जाड घोंगडी, खालचं टोक मोकळं. ताणून बांधली की बॉल तसाच परत येतो. ९ फेब्रुवारीला घोंगडी टांगायची, आणि तीन मीटरवर उभं राहून वेजपासून (जास्त लॉफ्टचा, जवळच्या फटक्यांचा क्लब) सुरुवात.